बोरन्हाण झालं की पुण्याला: अडीच महिन्यांच्या मुलीसाठी कारसीट निवडण्याचं आणि बसवण्याचं एक प्रकरण

जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दाजींनी फोटो टाकला. गाडीच्या मागच्या सीटवर लाल-काळी, जाडजूड गादीची बाळाची सीट, तिच्यात पट्टे लावून बसवलेला कापडी ससा आणि खाली मजकूर, "राणीसाहेबांचं सिंहासन तयार." पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आणि बदाम पडले. मी फोटो मोठा करून पाहिला. सीटचं तोंड गाडीच्या पुढच्या काचेकडे होतं, आणि जिच्यासाठी सीट घेतली ती माझी भाची तेव्हा जेमतेम सत्तर दिवसांची होती.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. हौसेने केलेल्या गोष्टीवर चारचौघांत बोट ठेवू नये. सकाळी फोन केला.

मी चाकणला सीटबेल्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात काम करतो. पट्टा किती ताणला जातो, कुठे अडकतो, कधी सुटतो हे रोज बघणं हीच माझी नोकरी. तरीही घरातल्या या एका सीटने मला दोन आठवडे गुंतवून ठेवलं. त्या दोन आठवड्यांत काय झालं ते मी सविस्तर लिहून काढतोय, कारण ज्या अडचणी आम्हाला आल्या त्या खोक्यावरच्या चित्रांत कुठेच नव्हत्या आणि बाळ असलेल्या बहुतेक घरांत त्याच येतात.

हाताशी काय होतं

बहीण पहिल्या बाळंतपणाला कराडला, आमच्याकडे आलेली. मुलगी नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाली, दिवस भरून, २ किलो ८०० ग्रॅमची. बोरन्हाण झालं की पुण्याला, वारज्याला सासरी जायचं असं दोन्ही घरांनी ठरवलेलं. अंतर साधारण १६० किलोमीटर, सगळा हायवे. न्यायला दाजी येणार.

गाडी २०१५ ची छोटी हॅचबॅक. मागच्या सीटवर दोन्ही कडांना खांद्यावरून येणारे पट्टे, मध्ये फक्त कमरेचा. पुढे दोन एअरबॅग. आयसोफिक्स नाही. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटची पाठ आणि बैठक मिळते त्या फटीतल्या दोन लोखंडी कड्या, एकमेकींपासून २८ सेंटीमीटरवर. बाळाच्या सीटचे दोन चिमटे त्यात खटकन बसतात. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या असतात. नसल्या तर बाळाची सीट बसत नाही हा मात्र गैरसमज आहे. गाडीच्या पट्ट्याने बसवायच्या सीटही त्याच चाचण्यांतून जातात. फरक एवढाच की पट्ट्याने बसवताना चुका व्हायला जास्त वाव असतो.

दाजींनी ऑनलाइन घेतलेली सीट 'जन्मापासून २५ किलोपर्यंत' अशी होती. एकदाच खर्च, सहा-सात वर्षांची काळजी मिटली, हा त्यामागचा विचार. चाकरमान्या माणसाचा हा हिशेब मला समजतो. सीट बनावट नव्हती. मागे नारिंगी शिक्का होता, त्यावर गोलातलं इंग्रजी ई अक्षर आणि ०४ ने सुरू होणारा मान्यता क्रमांक, म्हणजे युरोपातला आर-४४ हा नियम, त्याची चौथी सुधारणा. आपल्याकडचं एआयएस-०७२ हे मानकही त्याच नियमाच्या वळणावर आहे. खोक्यातली वस्तू चांगली होती. ती या गाडीला आणि या बाळाला चालते का, हा प्रश्न मात्र कुणी विचारलाच नव्हता.

उलटी का बसवायची

रविवारी मी वारज्याला गेलो. फोनवर मी म्हटलं होतं, "दाजी, सीट उलटी हवी. बाळाचं तोंड डिकीकडे." त्यावर ते म्हणाले, "अहो, आधी तशीच बसवून बघितली. पट्टा पुरतच नाही. पुढे तोंड केलं तर बरोबर पुरला, म्हणजे तीच पद्धत असणार असं वाटलं."

त्यांनी आळस केला नव्हता. पट्टा पुरेना, म्हणून जिकडे पुरतो तिकडे सीट वळवली. सरळमार्गी माणसाने काढलेला सरळ निष्कर्ष होता, आणि धोका नेमका तिथेच होता.

नवजात बाळाच्या एकूण लांबीचा जवळजवळ चौथा भाग डोक्याचा असतो. मोठ्या माणसात तो सातवा-आठवा भाग असतो. एवढं जड डोकं ज्या मानेवर, त्या मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, बराच भाग कूर्चेचा असतो आणि मणके बांधून ठेवणारे बंध सैल असतात. गाडी समोरून आदळली आणि बाळाचं तोंड पुढे असलं, तर पट्टे छाती धरून ठेवतात, डोकं धरायला काहीच नसतं. आमच्या कामात हे सेकंदाला हजार चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर बघायला मिळतं. छाती जागच्या जागी आणि डोकं पुढे, पुढे, अजून पुढे जात राहतं. बाळ उलटं बसलेलं असेल तर तोच धक्का सीटच्या पाठीवर पसरतो आणि डोकं, मान, पाठ एकत्र दाबली जातात. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी उलट्या सीटची कल्पना मांडली, ती अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात ते बघून. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी हे ऐकलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते गेलेलं नाही.

आर-४४ प्रमाणे ९ किलोच्या आत पुढे तोंड करायला मुळात परवानगीच नाही. त्यानंतरचा आर-१२९ हा नियम आणखी कडक आहे. तो वजनाऐवजी उंची धरतो आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत उलटंच बसवायला सांगतो. आमची भाची ५ किलोचीही नव्हती.

आपल्याकडचा कायदा याबाबत मोघम आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९४-ब कलमानुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बाळाच्या सीटने बांधलेलं नसेल, तर १००० रुपये दंड आहे. कुठल्या वयाला कोणती सीट, तोंड कुठे, हे त्या कलमात नाही. म्हणून कायदा पाळला म्हणजे काम झालं असं धरून चालत नाही.

पट्टा का पुरत नव्हता

वारज्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही सीट काढली. पहिली गोष्ट दिसली ती गाडीचं सीट कव्हर. गाडी घेताना शोरूमने बसवून दिलेलं रेक्झिनचं कव्हर, मागची बैठक झाकत थेट फटीत खोचलेलं. मागे कुणी पट्टा लावतच नाही हे गृहीत धरून पट्ट्यांची बकलं कव्हरच्या खाली ढकललेली होती. दाजींनी शनिवारी एक बकल कसंबसं ओढून काढलं होतं, पण त्याचा देठ वाकडा झाला होता आणि कव्हरच्या शिवणीत अडकलेला. मी शिवण उसवली. चार वर्षांपूर्वीचा बिस्किटाचा चुरा, एक रुपयाचं नाणं आणि दुसरं बकल, सगळं एकदमच हाताला लागलं.

मागच्या सीटवरचा पट्टा लावायचा नसतो, ही आपली जुनी समजूत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला झालेल्या अपघातानंतर काही दिवस सगळे मागचा पट्टा लावू लागले होते. पुढे बकलं पुन्हा कव्हरखाली गेली.

कव्हर पूर्ण काढल्यावर दोन बोटांची लांबी मिळाली. रेक्झिनवर बाळाची सीट घसरतेही, त्यामुळे ते काढणं एरवीही बरंच. तरीसुद्धा पट्टा अजून दोन बोटं कमी पडत होता. उलट्या सीटला पट्टा जास्त लागतो, कारण कमरेचा भाग बाळाच्या पायांवरून जातो आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून वळसा घालून येतो. सीटवर या मार्गाच्या खुणा निळ्या असतात, पुढे तोंड करायच्या मार्गाच्या लाल. खोकं उघडल्यावर पहिल्यांदा हे दोन रंग शोधावेत असं मी आता प्रत्येकाला सांगतो. पाच किलोच्या बाळासाठी लाल खुणेतून पट्टा ओवला जात असेल तर तिथेच थांबायचं.

बाजूच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात पट्टा लांबवायचा तुकडा मिळतो, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. एका टोकाला जीभ, दुसऱ्या टोकाला बकल, मध्ये वीतभर पट्टी. मी ठाम नाही म्हटलं. पट्टा, बकल आणि बोल्ट ही एक साखळी म्हणून तपासली जाते. त्यात अनोळखी कडी घातली की तपासणीला अर्थ उरत नाही, आणि मध्येच आलेलं ते बकल बाळाच्या सीटच्या कडेवर टेकतं. झटका बसताना कडेवर टेकलेलं बकल तुटू किंवा उघडू शकतं. पट्टा न लावता गाडीची बीप थांबवायला बकलात खुपसतात ती क्लिपही त्याच दुकानात टांगलेली असते. दोन्हींकडे बघायचंच नाही.

लांबी जमली असती तरी ही सीट भाचीला चाललीच नसती. बहिणीला कराडला फोन करून तिचं बूड ते खांदा अंतर मोजायला सांगितलं. उशी टेकवून शिवणकामाच्या टेपने मोजलं, तर २२ सेंटीमीटर भरलं. सीटमधल्या खांद्याच्या पट्ट्यांची सगळ्यात खालची भोकं, आतली छोटी गादी धरूनही, २६ सेंटीमीटरवर होती. बाळ उलटं बसतं तेव्हा पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत. वरून आले तर धक्क्यात बाळ सीटच्या पाठीवरून वर सरकतं. 'जन्मापासून' हा शब्द खोक्यावर छापलेला होता, पण आमच्या टेपवर तो खरा ठरत नव्हता.

सीट परत करायला मुदतीतले तीन दिवस बाकी होते. सोमवारी परत गेली.

दुकानासमोर उभी केलेली गाडी

मधल्या काळात दाजींच्या ऑफिसातल्या एकाने आपली जुनी सीट फुकट देऊ केली. माणूस भला, सीटही दिसायला स्वच्छ. पण त्याने ती आधीच दुसऱ्याकडून घेतलेली, माहितीपुस्तिका हरवलेली, आणि त्या पहिल्या घरी गाडीला काही झालं होतं का हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा धक्का खाल्लेल्या सीटच्या प्लास्टिकमधली चीर बाहेरून दिसत नाही. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीत प्लास्टिक ठिसूळही होतं, म्हणून तर त्यावर मुदत छापतात. सख्ख्या बहिणीच्या घरची, डोळ्यांसमोर वापरलेली सीट असती तर मी घेऊ दिली असती.

पुढच्या शनिवारी आम्ही गाडी घेऊनच दुकानात गेलो. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. सीट आतल्या कपाटावर बघून निवडायची नाही, ती आपल्या गाडीत, आपल्या पट्ट्याने बसवून बघायची. दुकानदार आधी नाखूश होता. "साहेब, सगळ्या गाड्यांना बसते ही." मी म्हटलं, "बसली तर आजच घेऊन जातो." मग त्याने मांडणीतला नमुना स्वतःच उचलून बाहेर आणला.

आता आम्ही मोठ्या सीटच्या नादाला लागलो नाही. फक्त उलटी बसणारी, १३ किलोपर्यंतची टोपली बघितली, हँडल असते ती. तिच्यात बाळ दीड वर्षाच्या आसपासपर्यंत मावतं. पुढे दुसरी सीट घ्यावी लागणार हे दाजींनी मान्य केलं. तीन टोपल्या लावून बघितल्या.

पहिलीला पट्टा पुन्हा कमी पडला, बोटभरच, पण पडला. दुसरीला पुरला. पण या गाडीची मागची बैठक मागच्या बाजूला बरीच उतरती आहे, त्यामुळे टोपली उभी होत होती. टोपलीच्या बाजूवर कोन बघायला छापलेली रेघ जमिनीला समांतर यायला हवी, ती चांगलीच कलली होती. टोपली उभी झाली की झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर पडते. मान न धरलेल्या बाळाची श्वासाची वाट त्याने दबते, आणि बाळ रडतही नाही, नुसतं गप्प होतं. म्हणून कोनाच्या बाबतीत मी 'चालेल' हा शब्द वापरत नाही. तिसरीला पट्टा पुरून वर तीन बोटं उरला. कोन किंचित कमी होता, पण तिच्या पुस्तिकेत बैठकीच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल ठेवायला स्पष्ट परवानगी होती. गुंडाळी ठेवली आणि रेघ समांतर आली. ज्या पुस्तिकेत टॉवेलचा उल्लेख नाही, तिथे टॉवेल ठेवायचा नाही.

जागा कुठली, यावर दाजींचं आणि बहिणीचं फोनवर बोलणं झालं. ती स्वतः गाडी चालवते. पुढे तिला एकटीला बाळाला घेऊन दवाखान्यात जावं लागणार, म्हणून टोपली पुढच्या सीटवर, डोळ्यांसमोर हवी असं तिचं म्हणणं होतं. आईच्या मनातलं ते मला कळतं. पण पुढे एअरबॅग आहे आणि या गाडीत ती बंद करायची सोय नाही. उलट्या टोपलीची पाठ डॅशबोर्डला खेटून येते, त्या पाठीच्या पलीकडे बाळाचं डोकं. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते आणि थेट तिथेच आदळते. पुढच्या काचेवरच्या उन्हाच्या झापेवर (सन व्हायझरवर) अशा टोपलीवर फुली मारलेलं चित्र असतं ते यासाठीच. तिला मी एवढंच म्हटलं, "पुढे ठेवायची नाही, काहीही झालं तरी." "बरं दादा," ती म्हणाली. मला ती सहसा 'बरं' म्हणत नाही.

मागे मध्ये फक्त कमरेचा पट्टा, म्हणून तो प्रश्न मिटला. उरल्या दोन कडा. ड्रायव्हरमागे ठेवावी तर दाजी सहा फुटांचे, त्यांची सीट पुढे घेता येत नाही. म्हणून डावीकडची. डावी बाजू आपल्याकडे फुटपाथची, बाळाला उतरवताना रहदारीकडे पाठ करून उभं राहावं लागत नाही, हा आणखी एक फायदा. तिच्यापुढची सीट थोडी पुढे सरकवावी लागली.

बसवायला मला दहा मिनिटं लागली, दाजींना चाळीस. मुद्दाम तीन वेळा काढून त्यांच्याकडूनच पुन्हा बसवून घेतली, कारण रोज बसवणारे तेच. कमरेचा पट्टा टोपलीच्या दोन्ही हुकांतून, खांद्याचा पाठीमागून निळ्या खाचेतून, मग टोपलीवर गुडघ्याने नाही तर तळहाताने भार देत पट्टा वर ओढायचा. आपल्या गाड्यांतला बहुतेक पट्टा झटका बसला तरच अडकतो, एरवी मोकळा सुटत राहतो, म्हणून हा ताण आपल्यालाच द्यावा लागतो. शेवटी पट्टा जिथून जातो तिथे धरून टोपली हलवायची. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. हँडल कुठल्या स्थितीत ठेवायचं ते प्रत्येक टोपलीचं वेगळं असतं. आमच्या टोपलीचं गाडी चालू असताना उभंच ठेवायचं आहे.

आईचं म्हणणं

शुक्रवारी संध्याकाळी दाजी आणि मी टोपलीसकट कराडला पोचलो. आईने ती दारातच बघितली. "एवढंसं पोर, मान नाही धरली अजून, आणि ह्यात बांधून न्यायचं? मी घेते की मांडीवर. तुम्हाला दोघांना तसंच आणलं मी मुंबईहून, एसटीने."

दवाखान्यातून घरी येताना तीन किलोमीटर भाची आईच्याच मांडीवर होती. मी गाडी चालवत होतो आणि मी काही बोललो नव्हतो. ती गोष्ट मला आजही खाते, त्यामुळे आता तिला हसून उडवायचा मला अधिकार नव्हता.

मी हिशेब सांगितला. ४० चा वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर ५ किलोचं बाळ हातातून सुटू नये म्हणून साधारण ५५ किलोचा ओढा धरून ठेवावा लागतो. वडील बाजूला बसले होते. त्यांनी आयुष्यभर बांधकामावर मुकादमी केली. ते म्हणाले, "म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून जास्त. ते दोन हातांनी हवेत कोण झेलणार?" आई त्यावर बोलली नाही, पण तिचं समाधान झालं नव्हतं. तिची भीती आकड्यांची नव्हती, मानेची होती.

आणि ती भीती बरोबर होती. मग मी टोपली ओट्यावर ठेवली, भाचीला तिच्यात झोपवलं आणि आईला म्हटलं, "मान कशी राहतेय ते तूच बघ." आईने बोटाने हनुवटीखालची जागा चाचपली, बाळाच्या श्वासाशी हात धरला, टोपलीची पाठ मानेला कुठे टेकते ते बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, "मांडीवर एवढी सरळ राहत नाही." तिने जन्मभर बाळांच्या माना सांभाळल्या आहेत, तिच्या हाताला जे कळलं ते माझ्या गणिताला सांगता आलं नसतं.

अडचण दुसऱ्याच गोष्टीवर आली. थंडीचे दिवस. आईने स्वतः शिवलेली, आत कापूस भरलेली कुंची होती, खास या प्रवासासाठी. आतून मऊ, काठाला लाल गोट, डोक्यापासून पाठीपर्यंत. आत दोन झबली, टोपडं. तशीच भाचीला टोपलीत ठेवून पट्टे लावले आणि पुढची शेपटी, म्हणजे पट्टे आवळायची मोकळी पट्टी, ओढून घट्ट केले. छान बसले असं सगळ्यांना वाटलं. मग पट्टे सैल न करता बाळाला काढलं, कुंची उतरवली, पुन्हा ठेवून तेच पट्टे लावले. छाती आणि पट्टा यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ जात होती. कापूस धक्क्यात दबतो. एवढी मूठभर जागा बाळाला पुढे फेकायला पुरते.

आईचा चेहरा उतरला. कुंची प्रवासात वापरायचीच नाही असं तिला वाटलं. तसं नव्हतं. एक झबलं, पायजमा, टोपडं, त्यावर पट्टे, आणि पट्ट्यांच्या वरून कुंची उलगडून पांघरायची, तोंड मोकळं ठेवून. तसं करून बघितलं. लाल गोट वर दिसत होता. पट्टा घट्ट आहे का ते बघायची रीतही आईलाच शिकवली: गळ्याखालच्या हाडाजवळ पट्ट्याला चिमटा घ्यायचा, चिमटीत घडी आली तर सैल, बोटं घसरली तर बरोबर. तिने पाच वेळा घेतला.

शनिवारी सकाळी टोपली गाडीत चढवली तर रेघ पुन्हा कलली. दाजी घाबरले. चूक आमच्या गल्लीची होती. गल्लीला उतार आहे, आणि कोन बघायचा तर गाडी सपाट जागी हवी. शाळेच्या मैदानावर गाडी नेली, रेघ सरळ आली.

कराड ते वारजे

रविवारी पहाटे नको, सकाळी आठला निघालो. डावीकडे टोपली, बहीण उजव्या कडेला पट्टा लावून, दाजी चालवणार, आई पुढे पट्टा लावून, तिचे पाय लांब नाहीत म्हणून पुढे सरकवलेली सीट तिला पुरली. सीट शक्य तेवढी मागे ठेवून तिची छाती डॅशबोर्डपासून दूर राहील एवढं बघितलं. मी माझ्या गाडीने मागून.

ठरवलेलं असं की तासाभराने थांबायचंच, बाळ झोपलेलं असलं तरी. एवढ्या लहान बाळाने टोपलीत सलग पडून राहू नये, बाहेर काढून आडवं करावं, अंगावर पाजावं, थोपटावं. घरी पोचल्यावरही टोपली पाळण्यासारखी वापरायची नाही.

उंब्रजच्या पुढे भाची रडायला लागली. फोनवर मला रडणं ऐकू येत होतं. बहीण म्हणाली, "दादा, काढून घेते पाच मिनिटं." "काढू नको, गाडी थांबवा," एवढंच मी म्हटलं. पुढच्या पेट्रोल पंपावर आत वळलो. नॅपी ओली होती. पाजलं, बदललं, वीस मिनिटं गेली. प्रवासातली सगळ्यात मोहाची घटका हीच असते. टोपली उत्तम, पट्टे घट्ट, आणि नेमकं वेगात असताना बाळ मांडीवर.

दुसरा थांबा आनेवाडी टोलनाक्यानंतर. तिथून निघताना आईने स्वतःहून चिमटा घेतला आणि पट्टा सैल सापडला. पाजून परत ठेवताना बहिणीने शेपटी ओढायची विसरली होती. खंबाटकीचा बोगदा आणि त्यानंतरचं वळण ओलांडेपर्यंत माझा जीव मुठीत होता. तिथे किती अपघात झालेले आहेत ते या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. भाची त्या वेळी झोपलेली होती. शिरवळला थांबून बघितलं तर मान सरळ, ओठांवर दुधाचा थेंब वाळलेला. एकच्या सुमारास वारजे आलं. एरवी अडीच तासांचा रस्ता, आम्हाला पाच तास लागले.

त्यानंतर

पहिल्या महिन्यात दोन गोष्टी बदलल्या. उन्हात उभ्या गाडीत टोपलीचं लोखंडी बकल चटका बसेल इतकं तापतं, म्हणून गाडी लावली की तिच्यावर आईने दिलेलं जुनं पांढरं धोतर झाकलं जातं, आणि बसवण्याआधी बहीण बकल स्वतःच्या मनगटाला लावून बघते. दुसरं, दवाखान्यात एकटीने नेताना बाळ रडलं तर काय, या तिच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर तिला आवडलं नाही. रडू द्यायचं, जागा बघून थांबायचं. बाळ दिसावं म्हणून मागच्या हेडरेस्टला बांधायचा आरसा घ्यायला मी राजी नव्हतो, धक्क्यात तो सुटून बाळावर येऊ शकतो. पहिल्या काही वेळा ती रडणं ऐकत, घामाघूम होत गेली. हे सोपं नव्हतं आणि मी ते सोपं करूनही देऊ शकलो नाही.

दाजी आता नवी गाडी बघतायत. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेचे तारे देण्याच्या, चाचण्या सुरू झाल्या आहेत. तिथे मुलांच्या सुरक्षेचे ४९ गुण वेगळे दिले जातात आणि त्यातले १२ गुण बाळाच्या सीट गाडीत नीट बसतात का यासाठीच आहेत. पण तिथल्या धडकेच्या चाचणीत दीड वर्षाचं आणि तीन वर्षांचं असे दोनच पुतळे बसवतात, तान्ह्या बाळाचा नसतो. म्हणून मी त्यांना तारे मोजा म्हटलं, त्याबरोबर हेही म्हटलं की टोपली घेऊनच शोरूममध्ये जा आणि मागच्या सीटवरचं प्लास्टिक आधी काढायला लावा. दोन शोरूममध्ये ते तसे गेले. एकात विक्रेत्यालाच आयसोफिक्सच्या कड्या सापडेनात, कव्हरखाली होत्या.

भाची आता आठ महिन्यांची आहे, ७ किलो ९०० ग्रॅम. पाय टोपलीच्या बाहेर येतात. शेजारणी म्हणतात, "आता पुढे तोंड करा, पाय आखडतात." पाय बाहेर येणं हे टोपली लहान झाल्याचं लक्षण नाही. डोक्याचा माथा टोपलीच्या काठाला आला की ती लहान झाली, किंवा १३ किलो भरले की. माथ्यापासून काठापर्यंत अजून चार बोटं जागा आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बहीण मोजते आणि ग्रुपवर आकडा टाकते.